शिकागो बेअर्स: नवा खेळाडू, जाणारा प्रशिक्षक

२८ नोव्हेंबर २०२४ रोजी, अमेरिकेतील थँक्सगिव्हिंग सणाच्या दिवशी, डेट्रॉइट येथे शिकागो बेअर्स आणि डेट्रॉइट लायन्स या संघांमध्ये झालेल्या सामन्याचा शेवट अमेरिकन फुटबॉलच्या प्रेक्षकांच्या दीर्घकाळ स्मरणात राहील. शिकागोचा संघ तीन गुणांनी मागे होता. बरोबरीसाठी एक फील्ड गोल पुरेसा होता. सामना संपण्यास सुमारे अर्धा मिनिट असताना शिकागोचा नवोदित क्वार्टरबॅक केलेब विल्यम्स याला प्रतिस्पर्ध्यांनी चेंडूसह खाली पाडले. घड्याळ चालूच राहिले. ते थांबविण्यासाठी लागणारा एक टाइमआउट शिकागोकडे शिल्लक होता. परंतु मुख्य प्रशिक्षक मॅट एबरफ्लस यांनी तो घेतला नाही. २३ वर्षांचा विल्यम्स सहकाऱ्यांना पुन्हा उभे करून चाल बदलत राहिला. चेंडू खेळात आला तेव्हा केवळ सहा सेकंद उरली होती. त्याने केलेली लांब फेक कोणाच्याही हाती लागली नाही आणि शिकागोने सामना २३-२० असा गमावला. टाइमआउट तसाच शिल्लक राहिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी एबरफ्लस यांनी नेहमीप्रमाणे पत्रकारांच्या प्रश्नांना उत्तरे दिली आणि त्यानंतर काही तासांतच त्यांना पदमुक्त करण्यात आल्याची घोषणा झाली. शिकागो बेअर्स हा १९२० मध्ये स्थापन झालेला, नॅशनल फुटबॉल लीगच्या संस्थापक संघांपैकी एक. हंगाम चालू असताना मुख्य प्रशिक्षकाला दूर करण्याची त्याच्या इतिहासातील ही पहिलीच वेळ होती.

त्या एका टाइमआउटवर अमेरिकेत पुष्कळ चर्चा झाली. तथापि, शिकागोच्या अपयशाचे मूळ त्या अर्ध्या मिनिटात नव्हते. २०१७, २०२१ आणि २०२४ अशा तीन वेळा या संघाने पहिल्या फेरीतील मौल्यवान निवड खर्च करून एका तरुण क्वार्टरबॅकच्या हाती संघाचे भवितव्य सोपविले. तिन्ही वेळा हा तरुण ज्या प्रशिक्षकाच्या स्वाधीन करण्यात आला, त्याचे आसन आधीपासूनच डळमळीत होते आणि तिन्ही वेळा तो प्रशिक्षक वर्षभराच्या आत गेला. शिकागोने खेळाडू चुकीचे निवडले, असे सरसकट म्हटले जाते. ते अंशतः खरे आहे. परंतु खेळाडूची निवड आणि प्रशिक्षकाची नेमणूक हे दोन निर्णय संघाने सातत्याने वेगवेगळ्या वेळी, वेगवेगळ्या हिशेबाने घेतले, हा दोष अधिक खोल आहे.

निवडीची पद्धत

भारतीय वाचकाला इंडियन प्रीमियर लीगमधील लिलाव परिचित आहे. ज्याच्याकडे पैसे अधिक शिल्लक, तो संघ हवा तो खेळाडू मिळवितो. अमेरिकेतील ‘ड्राफ्ट’ची पद्धत याहून वेगळी आहे. येथे बोली लागत नाही. महाविद्यालयीन स्पर्धांतून पुढे येणाऱ्या खेळाडूंमधून ३२ संघ सात फेऱ्यांत क्रमाक्रमाने निवड करतात आणि गेल्या हंगामात ज्याची कामगिरी सर्वांत वाईट, त्याला पहिला मान मिळतो. दुबळ्याला आधी वाढायचे, असा हा न्याय आहे. इंडियन सुपर लीगमध्येही २०१४ आणि २०१७ मध्ये भारतीय खेळाडूंची निवड ड्राफ्टद्वारे झाली होती.

निवडीचे हे क्रमांक एखाद्या हुंडीप्रमाणे विकता किंवा बदलता येतात, अगदी पुढील वर्षांचेसुद्धा. त्यामुळे हवा असलेला खेळाडू मिळविण्यासाठी संघ आपले भविष्य गहाण टाकू शकतो. शिकागोचा या पद्धतीशी संबंध पहिल्या दिवसापासूनचा आहे. १९३६ च्या पहिल्याच ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला जे बरवँगर हा शिकागो विद्यापीठाचा खेळाडू होता. फिलाडेल्फियाने त्याची निवड केली आणि त्याचे हक्क बेअर्सचे संस्थापक जॉर्ज हॅलस यांना दिले. मानधनावरून दोघांचे जमले नाही आणि बरवँगर व्यावसायिक फुटबॉल कधीच खेळला नाही. ड्राफ्टच्या बाबतीत या संघाचे नशीब असे आरंभापासूनच रुसलेले आहे, असे कोणी म्हटल्यास त्याला दोष देता येणार नाही.

सर्व संघांवर एकूण वेतनाची मर्यादा असते. २०२४ मध्ये ती २५ कोटी ५४ लाख डॉलर होती. खेळाडू संघटना व संघमालक यांच्यातील २०११ च्या करारापासून नव्या खेळाडूंचे वेतन निवडीच्या क्रमांकावरून ठरते. पहिल्या फेरीतील खेळाडूचा करार चार वर्षांचा असतो आणि पाचव्या वर्षाचा पर्याय संघाच्या हाती असतो. पहिल्या क्रमांकावर निवडल्या गेलेल्या विल्यम्सचा चार वर्षांचा करार सुमारे चार कोटी डॉलरचा, म्हणजे वर्षाला जेमतेम एक कोटीचा आहे. त्याच वर्षी डॅलसच्या डॅक प्रेस्कॉट या अनुभवी क्वार्टरबॅकने वर्षाला सरासरी सहा कोटी डॉलरचा करार केला. उत्तम क्वार्टरबॅक स्वस्तात मिळण्याची मुदत अशी चार-पाच वर्षांची असते. याच काळात उरलेल्या पैशांतून भोवतालचा संघ उभा करावयाचा असतो. त्यातील एक वर्ष वाया गेले तर ते परत मिळत नाही.

क्वार्टरबॅक हा अमेरिकन फुटबॉलमधील आक्रमणाचा सूत्रधार असतो. जवळजवळ प्रत्येक चालीत चेंडू प्रथम त्याच्या हाती येतो आणि तो कोठे द्यावा, किती लांब फेकावा, याचा निर्णय त्याला दोन-तीन सेकंदांत घ्यावा लागतो. प्रत्येक प्रशिक्षकाची चालींची स्वतंत्र परिभाषा असते. प्रशिक्षक बदलला की चालींची नावे, खुणा, कोणता सहकारी कोठे धावणार याचे नियम, इतकेच काय तर पावले टाकण्याची पद्धतही बदलते. महाविद्यालयातून आलेल्या तरुणाने एक भाषा शिकावी आणि वर्ष संपताच ती विसरून दुसरी शिकावी, असा प्रकार शिकागोत वारंवार घडला.

२०१७: शेवटच्या वर्षातील प्रशिक्षक

बेअर्सने जानेवारी १९८६ मध्ये माइक डिटका यांच्या प्रशिक्षणाखाली न्यू इंग्लंडला ४६-१० असे नमवून सुपर बोल जिंकला. त्यानंतर ते विजेतेपद या संघाला पुन्हा मिळालेले नाही. बचाव हा संघाचा पिढीजात गुण आणि क्वार्टरबॅक ही पिढीजात उणीव. एका हंगामात सर्वाधिक यार्ड चेंडू फेकण्याचा संघाचा विक्रम एरिक क्रेमर याने १९९५ मध्ये केला होता, ३ हजार ८३८ यार्डांचा. तो २०२५ पर्यंत अबाधित राहिला. इतर संघांचे क्वार्टरबॅक एकाच हंगामात पाच हजारांचा टप्पा ओलांडत असताना शिकागोच्या एकाही खेळाडूला चार हजार गाठता आलेले नाहीत.

सरव्यवस्थापक रायन पेस आणि मुख्य प्रशिक्षक जॉन फॉक्स यांची नेमणूक जानेवारी २०१५ मध्ये झाली. पहिल्या दोन हंगामांत संघाने ३२ पैकी केवळ नऊ सामने जिंकले. मार्च २०१७ मध्ये पेस यांनी माइक ग्लेनन या क्वार्टरबॅकशी तीन वर्षांचा, ४ कोटी ५० लाख डॉलरचा करार केला. त्यानंतर दीड महिन्यातच, २७ एप्रिल रोजी, त्यांनी तिसऱ्या क्रमांकावरून दुसऱ्यावर जाण्यासाठी सॅन फ्रान्सिस्कोला आपल्या तिसऱ्या क्रमांकासह आणखी तीन निवडी दिल्या आणि मिचेल ट्रुबिस्की याला घेतले. ट्रुबिस्कीने नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाकडून सुरुवातीपासून खेळलेले सामने अवघे तेरा होते. फॉक्स यांना या निवडीची कल्पना अगदी शेवटी देण्यात आल्याचे वृत्त त्या वेळी प्रसिद्ध झाले होते. ज्याने त्या मुलाला घडवावयाचे, तोच निर्णयाच्या वर्तुळाबाहेर असणे ही गोष्ट ट्रुबिस्कीच्या निवडीपेक्षाही अधिक चिंताजनक होती.

ग्लेनन चार सामन्यांनंतर बाजूला झाला. ट्रुबिस्की मैदानात उतरला. संघ ५-११ अशा कामगिरीवर थांबला आणि १ जानेवारी २०१८ रोजी फॉक्स यांना निरोप देण्यात आला.

त्याच ड्राफ्टमध्ये कॅन्सस सिटीने सत्ताविसाव्या क्रमांकावरून दहाव्यावर झेप घेऊन पॅट्रिक महोम्स याला निवडले. पुढे महोम्सने फेब्रुवारी २०२०, २०२३ आणि २०२४ असे तीन सुपर बोल जिंकले. शिकागोने महोम्सला सोडून ट्रुबिस्कीला घेतले, ही तुलना तेथील चाहत्यांच्या जिव्हारी लागलेली आहे आणि ती टाळता येण्यासारखी नाही. परंतु महोम्स कोठे गेला, हेही पाहिले पाहिजे. अँडी रीड २०१३ पासून कॅन्सस सिटीचे मुख्य प्रशिक्षक होते. त्यांच्या पदाला कसलाही धोका नव्हता. अॅलेक्स स्मिथ हा अनुभवी क्वार्टरबॅक संघाला बाद फेरीत नेत होता. महोम्स पहिल्या वर्षी फक्त अखेरचा साखळी सामना खेळला आणि उरलेला सर्व वेळ बाजूला बसून शिकला. शिकागोत त्याला नोकरी वाचविण्याच्या विवंचनेत असलेला प्रशिक्षक आणि चार सामन्यांत मोडलेली योजना मिळाली असती. तो तेथे महोम्स झाला असता का, याचे उत्तर कोणीही देऊ शकत नाही. पण या प्रश्नाला शिकागोच्या व्यवस्थापनाने बगल देऊ नये.

फॉक्स यांच्यानंतर आलेले मॅट नॅगी हे रीड यांचेच शिष्य. २०१८ च्या पहिल्याच हंगामात संघाने १२ सामने जिंकले आणि नॅगी वर्षातील सर्वोत्तम प्रशिक्षक ठरले. ६ जानेवारी २०१९ रोजी फिलाडेल्फियाविरुद्ध कोडी पार्की याने मारलेला चेंडू गोलखांबाला आणि नंतर आडव्या दांड्याला आपटून बाहेर पडला; संघ १६-१५ असा पराभूत झाला. त्या क्षणाचे चित्रण आजही दाखविले जाते. मात्र त्या वर्षाचे यश मुख्यतः बचावाचे होते. बचावाची सूत्रे २०१५ पासून व्हिक फँजिओ यांच्याकडे होती, म्हणजे फॉक्स गेल्यानंतरही ती बदलली नव्हती. शिवाय हंगामापूर्वी खलील मॅक हा धिप्पाड बचावपटू दोन वर्षांच्या पहिल्या फेरीतील निवडी देऊन आणण्यात आला होता. चार वर्षे एकच पद्धत शिकलेला बचाव बहरला आणि एका वर्षात दुसरी भाषा शिकू लागलेला क्वार्टरबॅक अडखळला, यातील भेद त्या विजयाच्या जल्लोषात कोणाच्या लक्षात आला नाही. हंगाम संपताच फँजिओ डेन्व्हरचे मुख्य प्रशिक्षक झाले. पुढील दोन्ही हंगामांत शिकागोची कामगिरी ८-८ अशी राहिली. मे २०२० मध्ये ट्रुबिस्कीच्या पाचव्या वर्षाचा पर्याय संघाने नाकारला.

२०२१: अर्धी नक्कल

जानेवारी २०२१ मध्ये पेस आणि नॅगी या दोघांनाही ठेवून घेण्याचा निर्णय अध्यक्ष जॉर्ज मॅककास्की यांनी जाहीर केला. पुढचे वर्ष दोघांसाठी अखेरची संधी आहे, हे कोणी उघड बोलले नाही तरी सर्वांना ठाऊक होते. अशा अवस्थेतील माणसे दीर्घ पल्ल्याचा विचार करतील, ही अपेक्षाच अवास्तव होय. २९ एप्रिल २०२१ रोजी पेस यांनी विसाव्या क्रमांकावरून अकराव्यावर जाण्यासाठी न्यूयॉर्क जायंट्सला २०२२ मधील पहिल्या फेरीची निवडही देऊन टाकली आणि ओहायो स्टेटचा जस्टिन फील्ड्स मिळविला. २०२२ मध्ये आपण या खुर्चीवर असू की नाही, याची खात्री नसलेल्या माणसाने २०२२ ची पुंजी खर्च केली. ती निवड अखेर सातव्या क्रमांकाची निघाली.

नॅगी यांची योजना कागदावर निर्दोष होती. अँडी डाल्टन या अनुभवी खेळाडूला पुढे करायचे आणि फील्ड्सने, कॅन्सस सिटीत महोम्सने केले तसे, बाजूला राहून शिकायचे. परंतु रीड यांच्याकडे वेळ होता. नॅगी यांच्याकडे नव्हता. डाल्टन दुसऱ्याच सामन्यात जखमी झाला. २६ सप्टेंबर रोजी क्लीव्हलँडमध्ये फील्ड्स प्रथमच सुरुवातीपासून खेळला, तोही डाल्टनसाठी आखलेल्या सरावानंतर. प्रतिस्पर्ध्यांनी त्याला नऊ वेळा चेंडूसह खाली पाडले. संपूर्ण सामन्यात शिकागोच्या आक्रमणाने निव्वळ ४७ यार्डांची मजल मारली आणि पाडण्यात गमावलेले अंतर वजा केल्यास फेकीतून मिळालेला यार्ड उरला एक. त्यानंतर चाली ठरविण्याचे काम नॅगी यांनी साहाय्यक बिल लेझर यांच्याकडे दिले. पहिल्या वर्षातच फील्ड्सला दोन आवाज ऐकावे लागले. १० जानेवारी २०२२ रोजी पेस आणि नॅगी दोघेही गेले.

नवे सरव्यवस्थापक रायन पोल्स यांनी मुख्य प्रशिक्षक म्हणून बचावातील जाणकार मॅट एबरफ्लस यांना निवडले. या जोडीने फील्ड्सला निवडलेले नव्हते. तो त्यांना वारसाहक्काने मिळाला होता आणि तसाच वागविला गेला. पहिल्या फेरीत निवडच नव्हती. दुसऱ्या फेरीतील दोन्ही निवडी बचावपटूंवर खर्च झाल्या. त्या हंगामात चेंडू झेलणारा एकही भरवशाचा खेळाडू नसताना आणि समोरची भिंत खिळखिळी असताना फील्ड्स ५५ वेळा पाडला गेला. जीव वाचविण्यासाठी धावता धावता त्याने १ हजार १४३ यार्ड पळून काढले, ही कामगिरी विलक्षण होती. पण ती आक्रमणाची योजना नव्हे. नोव्हेंबरमध्ये पोल्स यांनी चेस क्लेपूल या झेलपटूसाठी पिट्सबर्गला दुसऱ्या फेरीची निवड दिली. क्लेपूलने शिकागोसाठी एकूण १८ चेंडू झेलले आणि वर्षभरात तो दुसऱ्या संघात गेला. पोल्स यांचा हा सर्वांत महागडा चुकीचा सौदा.

तीन वर्षांत फील्ड्सने शिकागोसाठी ३८ सामन्यांत सुरुवात केली. त्यांतील दहा जिंकले. मार्च २०२४ मध्ये तो पिट्सबर्गला गेला, तेव्हा त्याच्या बदल्यात शिकागोला मिळाली एक सशर्त, सहाव्या फेरीची निवड.

उत्तम सौदा, जुना प्रशिक्षक

पोल्स यांच्या खात्यावर एक सौदा मात्र असा आहे की, त्याची गणना या लीगमधील अलीकडच्या सर्वांत फायदेशीर व्यवहारांत करावी लागेल. २०२२ मध्ये केवळ तीन सामने जिंकल्याने शिकागोला २०२३ च्या ड्राफ्टमध्ये पहिला क्रमांक मिळाला. पोल्स यांनी तो कॅरोलायनाला दिला. बदल्यात डी. जे. मूर हा तयार झेलपटू, त्या वर्षीचे नववे व एकसष्टावे क्रमांक, २०२४ ची पहिल्या फेरीची आणि २०२५ ची दुसऱ्या फेरीची निवड मिळविली. कॅरोलायनाने २०२३ मध्ये दोनच सामने जिंकले आणि शिकागोच्या पदरात २०२४ चा पहिला क्रमांक आयता पडला. त्यावर सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाचा केलेब विल्यम्स येणार, हे महिनोन्महिने आधी स्पष्ट झाले होते.

खरा कस येथे लागला. जानेवारी २०२४ मध्ये एबरफ्लस यांना ठेवायचे की नव्या क्वार्टरबॅकबरोबर नवा प्रशिक्षक आणायचा? ठेवण्याच्या बाजूने कारणे नव्हती असे नाही. संघाने शेवटच्या आठपैकी पाच सामने जिंकले होते आणि बचाव सुधारला होता. पोल्स यांनी मधला मार्ग काढला. मुख्य प्रशिक्षक कायम ठेवला आणि आक्रमणाचे प्रमुख ल्यूक गेट्सी यांच्या जागी शेन वॉल्ड्रन यांना आणले. त्याच महिन्यात जिम हारबॉ हे महाविद्यालयीन फुटबॉल सोडून लॉस एंजेलिस चार्जर्सकडे गेले. हारबॉ यांना खेळाडू म्हणून १९८७ मध्ये पहिल्या फेरीत निवडले होते ते शिकागोनेच. त्यांच्या हाताखाली चार्जर्सने पहिल्याच वर्षी ११ सामने जिंकले.

विल्यम्सचा पहिला हंगाम कसा गेला, हे आकडेच सांगतात. पहिल्या सहापैकी चार सामने जिंकल्यावर संघ सलग दहा सामने हरला. वॉल्ड्रन नोव्हेंबरमध्ये गेले, त्यांची जागा घेणारे थॉमस ब्राउन तीन आठवड्यांत हंगामी मुख्य प्रशिक्षक झाले. विल्यम्स ६८ वेळा पाडला गेला. त्या वर्षी लीगमधील अन्य कोणत्याही क्वार्टरबॅकवर इतक्यांदा ही पाळी आली नाही.

या घसरणीचा आरंभ २७ ऑक्टोबर २०२४ रोजी वॉशिंग्टनविरुद्धच्या सामन्यात झाला. शेवटच्या क्षणी जेडन डॅनियल्सने भिरकावलेला ५२ यार्डांचा चेंडू हातांना लागून उडाला आणि नोआ ब्राउनच्या हाती विसावला. वॉशिंग्टन १८-१५ असे जिंकले. शिकागोचा टायरीक स्टीव्हन्सन चाल सुरू होताना प्रेक्षकांकडे वळून हातवारे करीत होता. कॅरोलायनाकडून आलेल्या एकसष्टाव्या क्रमांकाच्या जोरावर वर जाऊन निवडलेला खेळाडू तो हाच.

पण त्या सामन्याचे महत्त्व त्या चेंडूपुरते नाही. डॅनियल्स त्याच ड्राफ्टमध्ये विल्यम्सच्या लगेच नंतर, दुसऱ्या क्रमांकावर निवडला गेला होता. वॉशिंग्टनने त्याच हिवाळ्यात आधी नवा सरव्यवस्थापक नेमला, मग डॅन क्विन यांना मुख्य प्रशिक्षक आणि क्लिफ किंग्सबरी यांना आक्रमणाचे प्रमुख केले आणि त्यानंतर क्वार्टरबॅक निवडला. निवड करणाऱ्यांचे आणि शिकविणाऱ्यांचे पहिले वर्ष एकच होते. त्या संघाने १२ सामने जिंकून उपांत्य फेरी गाठली. विल्यम्स आणि डॅनियल्स यांच्या गुणवत्तेतील अंतराने दोन संघांतील या तफावतीचे स्पष्टीकरण होत नाही.

आक्षेप

या मांडणीवर एक वाजवी आक्षेप घेता येईल. ज्या कॅरोलायनाशी शिकागोने सौदा केला, त्या संघानेही २०२३ मध्ये नवा प्रशिक्षक फ्रँक राइख आणि नवा क्वार्टरबॅक ब्राइस यंग यांना एकत्रच आणले होते. राइख यांना अकरा सामन्यांनंतर काढण्यात आले. म्हणजे दोघांना एकाच वेळी आणले की यश हमखास मिळते, असे नाही. मालकाला धीर नसेल तर कोणतीही रचना टिकत नाही.

दुसरे असे की, इच्छा असली तरी हवा तो प्रशिक्षक हव्या त्या वर्षी मिळतोच असे नाही. डेट्रॉइटच्या आक्रमणाचे शिल्पकार बेन जॉन्सन यांना २०२४ मध्येच अनेक संघांकडून विचारणा झाली होती. त्यांनी त्या वर्षी डेट्रॉइटमध्येच राहणे पसंत केले. पोल्स यांच्यावर टीका करताना हे ध्यानात ठेवणे न्याय्य ठरेल. तरीही एक प्रश्न उरतोच. ज्या प्रशिक्षकावर आणखी चार वर्षे विश्वास टाकण्याची तयारी नाही, त्याच्याकडे चार वर्षांच्या कराराचा खेळाडू सोपवावा कशासाठी?

२०२५ मधील बदल

जानेवारी २०२५ मध्ये शिकागोने याच जॉन्सन यांना मुख्य प्रशिक्षक नेमले. त्या नोव्हेंबरच्या सामन्यात ते प्रतिस्पर्ध्यांच्या बाजूला उभे होते. फेब्रुवारीत संघाच्या मालक आणि संस्थापक हॅलस यांच्या कन्या व्हर्जिनिया मॅककास्की यांचे १०२ व्या वर्षी निधन झाले. जुन्या घराण्याच्या या संघात नेमणुका आणि मुदतवाढी काहीशा घरगुती सौजन्याने होतात, अशी टीका अनेक वर्षे होत आली होती. या वेळी मात्र व्यवहाराला प्राधान्य मिळाल्याचे दिसले. क्वार्टरबॅकच्या पुढे उभी राहणारी फळी प्रथम दुरुस्त करण्यात आली. कॅन्सस सिटीकडून जो थूनी, लॉस एंजेलिसकडून जोना जॅक्सन आणि अटलांटाचा ड्रू डालमन असे तीन अनुभवी खेळाडू आले. ड्राफ्टमधील पहिल्या दोन निवडी कोल्स्टन लव्हलँड आणि लुथर बर्डन या चेंडू झेलणाऱ्या खेळाडूंवर करण्यात आल्या. त्यांपैकी बर्डन कॅरोलायनाच्या सौद्यातील अखेरच्या निवडीवर आला. चाली ठरविण्याचे काम जॉन्सन यांनी स्वतःकडे ठेवले.

त्या उन्हाळ्यात झालेला एक निर्णय मैदानावरील कोणत्याही निवडीइतकाच महत्त्वाचा होता. पोल्स यांचा करार २०२९ पर्यंत वाढविण्यात आला, म्हणजे जॉन्सन यांच्या कराराच्या मुदतीपर्यंत. निवडणारा आणि शिकविणारा यांची घड्याळे शिकागोने हेतुपुरस्सर जुळविली.

सुरुवात आशादायक नव्हती. पहिले दोन्ही सामने संघ हरला. दुसऱ्यात जॉन्सन यांच्याच जुन्या संघाने ५२ गुण चढविले. मात्र या वेळी कोणाच्या नोकरीची चर्चा झाली नाही. हंगामाअखेर शिकागोने ११ सामने जिंकून आपल्या विभागाचे विजेतेपद मिळविले, जे २०१८ नंतर मिळाले नव्हते. विल्यम्सला पाडण्याचे प्रसंग आदल्या वर्षाच्या निम्म्याहूनही कमी झाले आणि क्रेमरचा तीस वर्षांपूर्वीचा विक्रम त्याने मोडला. जानेवारी २०२६ मध्ये ग्रीन बे या परंपरागत प्रतिस्पर्ध्याला ३१-२७ असे हरविल्यानंतर पुढच्या फेरीत लॉस एंजेलिस रॅम्सकडून अतिरिक्त वेळेत शिकागोचा पराभव झाला.

एका चांगल्या हंगामावरून निष्कर्ष काढण्याची घाई २०१८ मध्येही झाली होती, आणि नॅगी यांचे त्या वर्षीचे विजय जॉन्सन यांच्यापेक्षा एकाने जास्तच होते. विल्यम्सच्या फेकींतील अचूकता अजूनही कमी पडते आणि अनेक सामने शेवटच्या मिनिटांत ओढून आणलेले आहेत. तथापि, ट्रुबिस्कीच्या दुसऱ्या वर्षातील यश बचावाने उचलून धरले होते. विल्यम्सच्या दुसऱ्या वर्षातील यशात आक्रमणाचा वाटा मोठा आहे, हा फरक दुर्लक्षिण्याजोगा नाही.

ट्रुबिस्कीच्या पाचव्या वर्षाचा पर्याय शिकागोने नाकारला होता. फील्ड्सबाबतचा तोच निर्णय घेण्याची वेळ आली, तेव्हा तो पिट्सबर्गमध्ये होता आणि त्या संघानेही नकारच दिला. विल्यम्सबाबत हा निर्णय घेण्याची मुदत मे २०२७ आहे. त्या दिवशी सरव्यवस्थापक आणि मुख्य प्रशिक्षक या दोघांच्याही करारांची अडीच वर्षे शिल्लक असतील.